तिसरा वाटा

शुलामितनं नवऱ्याचे लष्करी बूट बादलीत बुडवले, वरून नळ सोडला आणि मोरीच्या दारात पाय रोवून उभी राहिली.

"चारची बस आहे," उझी म्हणाला. त्याच्या डाव्या हाताला बँडेज होतं. जखम शिवून त्याला दोन दिवस घरी धाडलं होतं. आज परत सिनाईत हजर व्हायचं होतं.

"ओल्या बुटांनी कोणी लढाईवर जात नाही."

उझीच्या आई, येमिमाबाई, स्वैपाकघरातून बाहेर आल्या. त्र्याहत्तरची लढाई लागून बारा दिवस झाले होते. खिडक्यांना काळा कागद चिकटला होता, इस्राएलमधल्या डिमोना गावात अर्ध्या घरांत पुरुष उरला नव्हता, आणि त्यांच्या घरात बादली भरून वाहत होती. वाळवंटात पाणी असं सोडतात?

"पोराला वाट दे," त्या म्हणाल्या. "त्याचे भाऊ तिकडे काय हुरडा खायला गेलेत?"

"तेच तर, आई! शिमोनभावजी सिनाईत, बिन्यामिनभावजी गोलानवर. ते गेलेत म्हणूनच ह्यांनी नाही जायचं. पाळकसाहेबांनी काल वाचून नाही का दाखवलं?"

सगळ्यांच्या नजरा खुर्चीकडे वळल्या. खुर्चीत भिंगारदिवे पाळक बसले होते, नगरकडचे ख्रिस्ती धर्मोपदेशक. यरुशलेमच्या यात्रेला आले आणि लढाईनं विमानं बंद झाल्यावर अडकले. बीर शेवाच्या बस स्टँडवर येमिमाबाई एका मासेवाल्याला मराठीतून झाडत होत्या. मासेवाल्याला अक्षर कळत नव्हतं, पण पलीकडे उभ्या पाळकांचे डोळे भरून आले. बाईंनी त्यांना घरी आणलं. आपली भाषा बोलणारा आणि जेवणाला नावं न ठेवणारा माणूस, एवढं त्यांना पुरलं. तीन दिवस झाले, पाळक रोज शास्त्र उघडून सुनांना अर्थ सांगत होते. ह्या घरासारखे यहुदी चारी दिशांनी आपल्या देशात परतले, शत्रू उत्तरेकडून उतरला, म्हणजे जगाचा शेवट दाराशी आला. काल सांगितलं ते असं, की ह्या देशातल्या माणसांचे तीन वाटे पडतील, दोन छाटले जातील आणि तिसरा वाटा आगीतून तावून सुलाखून उरेल.

"एक, दोन, तीन भाऊ," शुलामितनं बोटं पुढे केली. "दोन जाणार, एक उरणार. हे उरलेत! देवानंच हात फोडून घरी पाठवलंय. राहू द्या ना त्यांना."

थोरली सून अदिना तांदूळ निवडत होती. ती ताट घेऊनच उठली.

"म्हणजे माझा बिन्यामिन तू गेलेल्यांत धरलास?"

"मी तसं नाही गं म्हणत…"

"तसंच म्हणतेस. त्याचं पत्र नाही, म्हणून तो तुझ्या नवऱ्याच्या बदल्यात?"

शुलामितची बोटं अजून तशीच पुढे होती.

येमिमाबाईंची नजर त्या बोटांवर खिळली होती. आपल्याला मुलगे किती, हे त्यांनी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. माणसं मोजली की मरणाला घर सापडतं, हे त्यांना आईनं सांगितलेलं. कोकणात होत्या तेव्हा किहीमच्या बायका विचारायच्या, किती गं पोरं तुला? "देवानं दिली तेवढी," असं उत्तर. ह्या देशात उतरताना हैफाच्या बंदरावर साहेब कागद पुढे करून आकडा मागत होता, त्यालाही त्यांनी नावं सांगितली. मोजायचं तर तूच मोज, पाप तुझ्या माथी. आणि ही पोरगी भर घरात बोटांवर मोजत होती.

"बोटं खाली कर," त्या म्हणाल्या. आवाज इतका हलका की उझीनं आत हात घालून नळ बंद केला.

मग त्या खुर्चीकडे वळल्या. "पाळकसाहेब, तुम्ही शिकलेले. मी दुसरीतून उठले. एवढंच सांगा, हे वाटे पडतील तेव्हा तुम्ही कुठं असाल?"

"बाई, मी तुमच्या घराबद्दल नव्हतो बोललो. ते सगळ्या राष्ट्राबद्दल…"

"राष्ट्र काय झाडाला लागतं? असल्याच घरांतनं गोळा होतं. तुम्ही कुठं असाल, ते बोला."

पाळकांना खोटं बोलता येत नव्हतं. "आमचा विश्वास आहे, की त्या संकटाआधी प्रभू आपल्या लोकांना वर उचलून घेईल. ढगांत."

"म्हणजे तुम्ही ढगांत, आणि वाटे आमचे. बरी सोय आहे!"

"मी रोज रडून तुमच्यासाठी प्रार्थना करतो, बाई."

ते खरं होतं. भिंतीपलीकडून येमिमाबाईंनी ते ऐकलं होतं. म्हणूनच जास्त राग आला.

उझीनं बूट उपसले, पाणी ओतलं आणि तसेच पायांत घातले. एका हातानं नाड्या बांधता येईनात. शुलामित दारातून हलली, खाली बसली आणि तिनंच बांधल्या, गाठीवर गाठ मारून. अदिनानं पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली. "गोलानचं कोणी भेटलं तर विचारा," एवढंच म्हणाली.

"विचारतो, वहिनी." तो आईकडे वळला. "इमा, निघतो."

येमिमाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, बोटं स्वतःच्या ओठांना लावली. "ये," म्हणाल्या. जिन्यावरून खालपर्यंत बुटांची पचपच ऐकू आली.

सुना आत गेल्या. बाई पाळकांसमोर स्टुलावर बसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदाच बसल्या असतील. पदरानं हात पुसले, मग पुन्हा पुसले.

"पाळकसाहेब," त्या हळूच म्हणाल्या, "जिथं ते लिहिलंय तिथं नीट बघा. आई कुठल्या वाट्यात धरलीय?"

भिंगारदिव्यांनी शास्त्र उघडलं. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला आणि पानाकडे बघत राहिले. चष्म्याशिवाय त्यांना एक अक्षर दिसत नव्हतं.