जात्याचा खुंटा

साखरा गावात एकट्याच राहणाऱ्या सिंधूबाईंना महिन्याभराने लेकीचा फोन आला. सुकन्या पुण्याला कॉलेजात इंग्रजी शिकत होती.

"माय, 'क्वर्न' असा एक शब्द आलाय, क्यू अक्षराचा. क्वर्न म्हंजी आपलं दळायचं जातं! त्याच्या सगळ्या भागांची मराठी नावं लिहायचीत. सांग बरं पटापटा."

"हातानं धरून फिरवतो, त्यो खुंटा."

"व्हय, लिहिलं. आन् बाकीची?"

सिंधूबाईंनी लग्नानंतर कितीतरी वर्षं घरच्या जात्यावर दळण दळलं होतं. सगळी नावं तोंडपाठ होती.

"आता आठवना झालंय बाई," त्या म्हणाल्या. "उद्या फोन करशील का? एखादं आठवून ठिवते."