उडीचा सूट

वणवा विझवायला विमानातून थेट जंगलात उड्या मारणाऱ्या जवानांचा ओरेगॉनमधला जुना तळ आता म्युझियम झाला होता. तिथल्या म्हाताऱ्या गाईडला मनोहररावांनी प्रश्न विचारून विचारून पार भंडावून सोडलं.

"पॅराशूट झाडात अडकलं तर?"

"पायाच्या खिशात दोर असतो. त्यावरून उतरायचं."

"आणि आग विझल्यावर न्यायला विमान येतं?"

"छे! सगळं सामान पाठीवर घेऊन चालत निघायचं."

पुढच्या खोलीत शिलाई मशीनं मांडलेली पाहून मनोहरराव थबकले. "इथे शिंपी कशाला?"

"शिंपी कुठला! उडीचा सूट आम्ही स्वतःच शिवायचो. फाटलेलं पॅराशूटसुद्धा."

"आणि आता?"

"आताची पोरंही शिवतात."

मनोहरराव मशीनवरून हात फिरवत बराच वेळ उभे राहिले. मग पार्किंगमध्ये येऊन त्यांनी लेकीला फोन लावला. सॉफ्टवेअरची नोकरी सोडून ती या उड्या मारायच्या कामात शिरली, तेव्हापासून त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं होतं.

"बाबा? इज एव्हरीथिंग ओके?"

"प्रीता," ते म्हणाले, "शिवताना दुहेरी टीप मारतेस ना गं?"