वाघदेवाचं रान

देव जागेवर नव्हता.

मोहाच्या बुंध्याशी जिथं लाकडाचा कोरीव वाघदेव उभा असायचा, तिथं नुसता खड्डा होता. खड्ड्याभोवती शेंदराचे चार डाग. पाड्यावरची सगळी माणसं त्या खड्ड्याकडं बघत राहिली, जसं घरातलं कोणी न सांगता निघून गेलंय. एकटा लडक्या बघत नव्हता. तो वर झाडाच्या शेंड्याकडं बघत होता, कारण देव त्यानंच नेला होता.

आता आली का पंचाईत! तलासरीबाहेरचं हे टेकडीवरचं रान मुळात डहाणूच्या एका मालकाचं. मालक विकायला निघाला होता. एक रिसॉर्टवाला तयारच बसला होता. पण गावच्या नगरपंचायतीनं ठरवलं, की रान आपणच विकत घ्यायचं, कायमचं राखायचं, कोणाला कुऱ्हाड लावू द्यायची नाही. अट एकच होती. लोक जी जागा देवाची म्हणून पाळतात, तीच घ्यायची. तेवढं बघायला नगरपंचायतीच्या दक्षा मॅडम आज आल्या होत्या. आणि देव लडक्याच्या घरात पेंढ्याखाली झोपला होता.

लडक्या काही चोर नव्हे. बापजाद्यांपासून या देवाचा नारळ त्यांच्याच घरचा. पण त्याच्या कानावर आलं ते एवढंच, की जागा घेणार आणि कुंपण घालणार. बहिणीच्या गावची जागा अशीच रस्त्याला गेली होती. तिथला देव मशीननं दगडमातीबरोबर उचलला आणि भरावात ढकलला. आपल्या देवाचं तसं नको, म्हणून त्यानं वाघदेवाला खांद्यावर घेतलं आणि सरळ घर गाठलं.

त्याच्या बायकोनं, पुतळीनं, त्याला चांगलंच फैलावर घेतलं. पण फैलावर घेऊन देव परत थोडाच बसतो? एकदा उठवलेला देव मनाला आलं म्हणून बसवता येत नाही. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला भगत येतो, मान देतो, तेव्हाच तो बसतो. वाघबारस अजून लांब होती, आणि मॅडम तर दारात.

सगळी मंडळी रानात शिरताना कडेच्या ऐनाच्या झाडापाशी जराशी थांबली होती, मग एकामागून एक करवंदीच्या जाळीतून आत आली. मॅडम फोनवर बोलत मागून आल्या. आणि आता सगळे त्या खड्ड्याभोवती उभे होते.

खुशीत होता तो उमेश. हा मालकाचा माणूस, जमिनींचे व्यवहार करणारा. राहायला आशागडला, पण वाढला याच पाड्यावर, लहानपणी याच रानात गुरं राखलेला. रिसॉर्टवाल्याला त्यानंच आणलं होतं. एका पायावर उभा राहून टाचेतला काटा उपटत तो मॅडमना सांगत होता, की इथं देवबिव कधी नव्हताच. या लोकांनी आयत्या वेळी शेंदूर फासलाय, झालं.

ते ऐकून पुतळीनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. आपल्या एका खुळेपणापायी सगळं रान जाणार, हे लडक्याला कळून चुकलं. तो पुढं झाला.

"बाय, देव मी नेला," तो म्हणाला. "कुंपण घातलं तर त्याला कोण बघल, म्हणून नेला. चूक माझी हाय. रानाला नको शिक्षा देऊ."

उमेशनं ते लगेच उचलून धरलं. देव इथं नाही हे त्यांनीच कबूल केलं, आता आणखी काय बघायचं राहिलं, असं त्याचं म्हणणं.

मॅडम खाली मान घालून माणसांभोवती हळूहळू फिरल्या. सगळ्यांना वाटलं, देवाची खूण शोधतायत. फिरून परत खड्ड्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, की माझा होकार आहे, हे रान गाव घेणार. कुंपण गुरांसाठी, माणसांसाठी फाटक उघडंच राहील. आणि बाबा, वाघबारशीला मला बोलवायचं हं.

कितीतरी दिवसांनी लडक्याला पोटभर श्वास घेता आला. पुतळी हसता हसता रडायला लागली, आणि पदरानं डोळे पुसत तिनं त्याला आणखी दोन शब्द सुनावले. पण त्यात आता काही दम नव्हता.

उमेश मात्र तडकला. देव नसताना ही जागा देवाची कशावरून, एक तरी पुरावा दाखवा, म्हणाला.

"दाखवते," मॅडम म्हणाल्या आणि वाकून स्वतःच्या सँडलचे पट्टे सोडायला लागल्या. "आधी मला सांगा उमेशभाऊ, तुमचे बूट कुठायत?"

उमेशनं खाली बघितलं. त्याचे नवेकोरे बूट बाहेर ऐनाखाली होते, पाड्यावरच्या सगळ्या चपलांशेजारी, आणि आपण ते कधी काढले हे त्याचं त्यालाच आठवत नव्हतं.