अण्णांची पाहुणी

"आलीस? बस ना," खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत अण्णा म्हणाले.

चहा घेऊन आलेली मुलगी दारातच थबकली. आठवड्यातली ही तिसरी वेळ.

"कोण आलंय, अण्णा? आई?"

ते जरा गडबडले. "हं."

"मग आधी सांगायचं ना. मी एकच कप आणलाय."

अण्णा हसले नाहीत. खुर्चीवरची नजरही त्यांनी हलवली नाही. "अगं, दुकान पुतण्याच्या हाती दिलं. तुला विचारलंसुद्धा नाही. इतकी वर्षं शिवत बसलीस, बोटांची चाळण झाली..."

बाइंडिंगच्या त्या दुकानात पुस्तकांचे फर्मे, म्हणजे घड्या घातलेल्या छापील पानांचे जुडगे, मायलेकींनीच शिवले होते. दुकान पुतण्याकडे गेलं तेव्हा आईनं महिनाभर अबोला धरला. मुलगी काहीच बोलली नाही. दुसरीकडे शिवणीच्या कामाला लागली. आईला जाऊनही आता सहा वर्षं झाली होती.

तिनं कप ठेवला, बाहेर आली आणि दार हलकेच ओढून घेतलं. नवराबायकोच्या बोलण्यात आपण कशाला?

"शेवटी शेवटी दिसतं असं," बाहेर बसलेल्या सिस्टर म्हणाल्या. "त्यांना खोटं पाडू नका."

"छे हो. बोलू दे पोटभर. उभ्या जन्मात कधी चुकलो म्हणाले नाहीत." मग बंद दाराकडे बघत ती म्हणाली, "आईचा नंबर आधी. माझा लागेल तेव्हा लागेल."

पुढचे चार दिवस तसेच गेले. ती खोलीत आली की अण्णा खुर्चीकडे वळायचे, चाचरत सुरुवात करायचे, आणि ती पाय न वाजवता बाहेर यायची. पाचव्या दिवशी दुपारी अण्णा गेले.

त्याच संध्याकाळी सगळं आटोपल्यावर सिस्टर औषधांच्या बाटल्या आवरत होत्या.

"माझं राहिलंच," मुलगी म्हणाली. "पण आईशी तरी बोलून झालं त्यांचं."

सिस्टरांचा हात थांबला.

"ताई, सांगू की नको, कळत नाही. आज सकाळी मी थट्टेनं म्हटलं, बायकोशी एवढं बोलणारा नवरा पहिल्यांदाच बघतेय. तर म्हणाले, 'खुर्चीत कुणी नसतं, सिस्टर. पोरीच्या तोंडाकडे बघून बोलायचा धीर होत नाही, म्हणून तिकडे बघतो.'"

मुलीनं खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं.

"'पण मी बोलायला लागलो,' म्हणाले, 'की ती निघूनच जाते. राग गेला नाही तिचा अजून.'"