डबीवरचा शब्द

परमुलखातून येऊन इथल्या कीटकांच्या मुळावर उठलेल्या ठिपकेदार लेडीबर्ड किड्यालाही एक शत्रू होता, इवलीशी गांधीलमाशी. ती लेडीबर्डच्या पोटात अंडं घाली. अळी तिला आतून पोखरून बाहेर येई आणि तिच्याच पायांखाली कोष विणी. अर्धमेली लेडीबर्ड मग जागची न हलता त्या परक्या कोषाची राखण करी. म्हणून प्रयोगशाळेतल्या सहायिकेने डबीवर लिहिलं होतं, ‘आया’.

आज कोषातली माशी उडून गेली, तसं संशोधक मॅडमनी वहीत ‘लेडीबर्ड मेली’ असं लिहूनही टाकलं.

“थांबा मॅडम, उठली की ही!” सहायिका ओरडली. “पानावरचा मावा खातेय बघा!”

मॅडमची नजर डबीवरच्या शब्दावर खिळली. त्यांनी तडक आत्याला फोन लावला. आईमागे आत्यानेच त्यांना वाढवलं होतं, स्वतःच्या लग्नाचं नावही न काढता.

“आत्या, जेवलीस का गं?”

“आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!”

“थँक्यू म्हणायचं राहून गेलं होतं. आणि... शाळेत मी मैत्रिणींना सांगायचे, तू माझी आया आहेस म्हणून. लाज वाटायची मला.”

“ऐकलं होतं मी, फाटकाशी उभी असताना,” आत्या म्हणाली. “मला वाटलं, आईचं अनेकवचन.”