रेघ मारलेला शब्द

महिनाभर सूनबाईला बाही सांगितली की ती कॉलर शिवायची. शेवटी आजींनी तिच्या शिलाई मशीनचा खणच उपसला, तर आत एक इंग्रजी कागद! त्यातल्या एका शब्दाखाली रेघ मारलेली होती. आपण उचकापाचक केल्याचं कळू नये म्हणून बाकीचा मजकूर तळहाताखाली झाकून त्यांनी नातीला विचारलं, "काय गं हे?"

"प्रोफाउंड." नातीनं फोनवर अर्थ शोधला. "म्हणजे फार खोल. मूळ शब्द लॅटिन, अगदी तळाशी असलेलं. ज्ञान, दुःख, झोप, कशालाही लावतात."

"मग तुझ्या आईच्या कशाला लावलाय? ज्ञानाला तर नक्कीच नाही!" आजी फणकारल्या आणि त्या भरात हात सरकला.

नातीनं कागद वाचला. तिचा आवाज एकदम उतरला.

"आजी, हा आईच्या कानांचा रिपोर्ट आहे. बहिरेपणाला लावलाय. म्हणूनच ती बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत असते."



आजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मोठ्यांच्या तोंडाकडे टक लावून काय बघतेस, मान खाली घालून ऐकायचं!" असा दम महिन्यापूर्वी त्यांनीच सूनबाईला भरला होता.