अमावास्येला सुट्टी घेणारा ज्वालामुखी

साडेसहा कोटी वर्षांनी सह्याद्री पुन्हा जागा झाला, असं उपग्रहाने तीस वर्षांची चित्रं तपासून जाहीर केलं. तो रोज सकाळी सहाला जागा होई आणि अमावास्येला सुट्टी घेई. चंद्र आणि लाव्हा यांच्या नात्यावर आठवडाभरात तीन प्रबंध निघाले. डोंगरावर जाऊन बघावं, असं मात्र कुणाला सुचलं नाही. उपग्रहाचा शब्द आता अंतिम असे, त्यामुळे महिनाअखेर डोंगराखालचं गाव उठणार होतं.

शेवटी एकटे भूशास्त्रज्ञ खासनीस धापा टाकत वर पोहोचले. उपग्रहाने दाखवलेल्या नेमक्या जागी गावातली सोनाक्का भट्टीवर चणे भाजत होती.

"भट्टी कधीपासून?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून. तीस वर्षं झाली. अमावास्येला पेटवायची नाही, सासूबाईंनी बजावलंय."

खासनीस दगडावर बसले.

"अक्का, उपग्रहाला तुमची भट्टीच ज्वालामुखी वाटली. माझं तो ऐकायचा नाही. तुम्हीच आठ दिवस भट्टी बंद ठेवा. ज्वालामुखी विझला, असं तोच लिहील. गाव वाचेल."

"ठेवते बापडी." तिने त्यांच्या ओंजळीत गरम फुटाणे ओतले. "पण त्याला वरनं सगळं दिसतं ना? मग माझं छप्पर नेमकं कुठं गळतंय, तेवढं विचारून सांगा."